खुडूक

सिल्की जातीची कोंबडी एकदा खुडूक झाली की अंडंच हवं असं नाही, दगडही उबवते. आमची कोंबडी तर खुराडं सोडून थेट अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या पोटावर बसली. त्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "फार तर तीन आठवडे."

रोज उचलून खुराड्यात टाकावी, तर घटकाभरात ही परत हजर. चिवटपणात दोघी सारख्याच. जागरणांनी मीच थकून गेले.

"राहू दे गं तिला," सासूबाई म्हणाल्या. "तू तरी एवढा वेळ कुठे टेकतेस माझ्याजवळ?"

आज एकविसावा दिवस. सकाळी त्यांचा श्वास थांबला. मी खुर्चीत बसले. रडायचंही त्राण नव्हतं.

कोंबडी उठेना. एकविसाव्या दिवशी अंडी फुटायला आली की कोंबडी आतल्या पिल्लांशी बोलते, तशी ती हळूच कुरकुरली.

पांघरुणाखालून तिला उत्तर आलं.