चौदा वर्षांचा हालहवाल

गालिच्यावर बसताबसता दिलमुरादने घड्याळात पाहिलं आणि माहगंजने ते टिपलं. चौदा वर्षांनी घरी आलेला तिचा धाकटा भाऊ आता निवडून आलेला पुढारी होता. बाहेरून आलेल्या बलुच माणसाने आधी आपला सगळा हालहवाल सांगायचा, मग घरच्यांचा ऐकायचा, ही रीत याच्या लक्षात तरी असेल का?

त्याने घसा साफ केला. “बलुच जनतेच्या हक्कांसाठी आम्ही...”

“ते सभेत सांग, मेल्या! मला तुझं सांग.”

बाहेर ढोल वाजत होते. एक कार्यकर्ता दारातून डोकावला. “साहेब, मैदानात लोक खोळंबलेत.”

दिलमुरादने पागोटं उतरवलं, घड्याळ काढून खिशात टाकलं.

“मला पकडून नेलं ना, त्या सकाळी तुझ्या काळ्या शेळीने दूध लवंडलं होतं. उपाशीच गेलो मी.”

मग तुरुंग आला, तिथे चपला शिवायला शिकणं आलं. परदेशातली थंडी आली, बलुची शाळांसाठी केलेली भाषणं आली, तिथूनच धाडलेला उमेदवारी अर्ज आला. त्याने काहीच गाळलं नाही. ढोल कधीच थांबले होते. कार्यकर्ते आत येऊन भिंतीला टेकून ऐकत होते.

“झालं. आता तुझा हालहवाल, आपा.”

माहगंजने ओढणी सावरली, मांडी नीट घातली.

“तर त्या शेळीला मी अशी बदडली...” तिने सुरुवात केली, आणि सभा उद्यावर गेली.