निओट्रायगॉन वासिलानी

हेस्तीने आपल्या शोधनिबंधाचा कागद वासिलानच्या पुढ्यात सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे वाचा, आजोबा. निओट्रायगॉन वासिलानी. पहिला शब्द माशाच्या वंशाचा, दुसरा तुमच्या नावावरून. एकदा छापलं की जगात कुणालाही बदलता येणार नाही."

"ह्यांचं नाव माशाला?" कास्मिरा पदराला हात पुसत बाहेर आली. "घोरतोही का तो मासा?" नवऱ्याला चिडवताना तिचे डोळे मात्र भरून आले होते.

वासिलान हसला नाही.

मागच्या वर्षी त्याच्या लहानशा जाळ्यात ते पाकट, चाबकासारख्या शेपटीचा चपटा मासा, आलं होतं. ताटाएवढं, डोळ्यांवर काळा पट्टा, पाठीवर निळे ठिपके. रेंबांग बंदरावरच्या लिलावाच्या शेडमध्ये दर महिन्याला मासे मोजायला येणाऱ्या संशोधक हेस्तीला त्याने ते नेऊन दिलं. अशा पाकटाची नोंद कुठेच नाही, हे तिला शोधाअंती कळलं. मग जावाच्या उत्तर किनाऱ्यावरची बंदरं तिने पालथी घातली.

"दुसरं मिळालं का?" वासिलानने विचारलं.

"अजून नाही. खोल पाण्यात गेली असतील."

"ती खोलात जात नाहीत, मुली. इथेच असायची, काठाच्या वाळूत."

"असायची? म्हणजे तुम्ही आधी पाहिली होती?"

वासिलानने कागद बाजूला सारला. मग सांगू लागला. तरुणपणी तो मोठ्या बोटीवर खलाशांचा तांडेल होता. बोटीचं जाळं समुद्राचा तळ खरवडत जायचं. कोळंबीबरोबर ही पाकटं ढिगाने वर यायची. धुरी देऊन टिकवायलाही लहान, म्हणून कुणी घेत नसे. बोटीच्या फळ्यांवर पडल्या पडल्या माद्या विऊन टाकायच्या. तळहाताएवढी पिल्लं पायाखाली वळवळत राहायची.

"फावड्याने समुद्रात लोटायचो सगळी. मेलेली, मरायला टेकलेली, पिल्लंसुद्धा. वीस वर्षं. नंतर यायचीच बंद झाली. मला वाटलं, बरं झालं, कटकट गेली."

हेस्तीने कागद परत हातात घेतला. वर्षभर ती ज्याला नवा मासा म्हणत होती, तो बहुधा संपून गेलेला होता.

"तुम्ही एकटेच होता का?" कास्मिरा कळवळून म्हणाली. "सगळं बंदर तेच करत होतं."

"फावडं माझ्या हातात होतं."

हेस्तीने पेन काढलं. "छापायला अजून वेळ आहे, आजोबा. तुम्हाला नको असेल तर मी गावाचं नाव देते."

तिने 'वासिलानी' या शब्दावर काट मारायला पेन टेकवलं, तसा म्हाताऱ्याने तिचा हात धरला.

"खोडू नकोस. मारणाऱ्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं असू दे."