उरलेले दोन तास

गुरुवारी नाश्त्याच्या टेबलावर ऑरिनने आपल्या विमानाची नोंदवही लेकीपुढे सरकवली. अकरा वर्षं गॅरेजमध्ये स्वतःच्या हातानं बांधलेलं, दोन सीटचं विमान. नियम असा, की पहिले चाळीस तास ते एकट्यानंच उडवायचं. अडतीस झाले होते.

"आधी म्हणालीस, इंजिन बसू दे. मग म्हणालीस, रंग होऊ दे. रविवारी तू परत जायच्या आत उरलेले दोन तास उरकतो. आता नवा बहाणा शोध, मॅरेन."

"चाळीस होऊ देत, डॅड. मग बसते," ती हसून म्हणाली.

शुक्रवारी वारा सुटला. बाकीच्यांनी आपापली विमानं दोरांनी बांधून ठेवली. ऑरिन तेवढा वर गेला. दुपारी मक्याच्या शेतात विमान सापडलं आणि तोही.

दफनानंतर त्याचा हँगरमधला दोस्त वेंडेल तिच्याजवळ आला. "भारी हट्टी तुझा बाप. म्हटलं, सोमवारी उड. तर म्हणे, सोमवारी पोरगी नसेल. बिचारी कधीची चाळीस व्हायची वाट बघतेय."

"मला त्या विमानाची भीती वाटायची," मॅरेन म्हणाली. "चाळीस झाले असते तरी मी बसणार नव्हते."