वर्षभराचा उपक्रम

शामकांत गुरुजींना नियोजनाचा भारी सोस. जूनमध्येच त्यांनी सातवीतल्या एकेकाच्या गळ्यात वर्षभराचा उपक्रम मारला आणि वर बजावलं, "हाती घेतलेलं काम अर्धवट टाकणाऱ्याची मला चीड आहे." चांगुणाच्या वाट्याला कोंबडीपालन आलं. कोल्हारच्या बाजारातून आणलेलं पिल्लू तिनं बहात्तरच्या त्या दुष्काळात रेशनवरच्या मिलोच्या भाकरीतला आपला घास मोडून वाढवलं, मुंगसापासून राखलं आणि दर शनिवारी दुकानदाराच्या हातापाया पडून त्याच्या तागडीत तोललं.

मार्चमध्ये तपासणीला साहेब आले. मुलं आपापले उपक्रम मांडून ताटकळत बसली होती, तोच गुरुजींनी चांगुणाच्या खुराड्यात हात घालून कोंबडी बाहेर ओढली आणि तिच्याच हातात दिली.

"पळ घरी. आईला म्हणावं, साहेब जेवायला येतायत. मिळमिळीत चालत नाही त्यांना."

"पर गुरुजी, ही सायबांना दाखवायची हाय ना?"

"दिसेल की ताटात."

साहेबांनी दोनदा रस्सा मागून घेतला. मग ढेकर देत, काडीनं दात कोरत ते वर्गात आले. घेवड्याचा वेल पाहिला, मातीचा किल्ला पाहिला आणि रिकाम्या खुराड्यापाशी थबकले. "हिचं काय?"

चांगुणानं गुरुजींकडे पाहिलं.

"काय सांगू, साहेब," गुरुजी हळहळले, "हाती घेतलेलं काम अर्धवट टाकते ही."