मंगळवारचं पाणी

छावणीतल्या क्लबच्या पोहण्याच्या तलावात हिंदी अधिकाऱ्यांनाही उतरू द्यावं, म्हणून कॅप्टन शितोळ्यांनी दोन वर्षांत अकरा अर्ज केले. त्यात त्यांचा फायदा म्हणाल तर एक डुबकी. तीही कमरेएवढ्या पाण्यात, कारण धड पोहता कुठं येत होतं! पण लढाईत गोऱ्यांच्या शेजारी मरायची मुभा आणि तलावात शेजारी भिजायची बंदी, हे त्यांना खुपत होतं.

अखेर मंगळवारची संध्याकाळ मिळाली. तिघे हिंदी अधिकारी ऐटीत उतरले.

बुधवारी सकाळी विसरलेलं घड्याळ घ्यायला कॅप्टन परत गेले, तर तलाव कोरडा. तळाशी त्यांच्याच गावच्या महारवाड्यातला भिवा सात जणांसह चुन्यानं फरशी घासत होता.

"हे काय रे?"

"काल तुमी उतरला न्हवं, धाकलं पाटील? गोरं सायेब म्हनलं, पानी बदला." भिवाचा हात थांबला नाही. "माज्या बानं तुमच्या हिरीत घागर बुडवली, तवा तुमच्या आज्यानं बी समदी हीर उपसून घेतली हुती. चुना तेवढा न्हवता लावला."

कॅप्टनांना राग यायला हवा होता. कुणाचा, ते ठरेना. मग काहीच आलं नाही. त्यांनी घड्याळ मनगटावर बांधलं.

मिळालेला हक्क सोडून कसं चालेल? पुढच्या मंगळवारीही ते उतरले. त्याच्या पुढच्याही.

पोहणारे तिघे. चुन्यानं हात सोललेले आठ.