तोंड दिसंल असा फोटो

गळ्यात कॅमेरा असला की कुठलाच वॉचमन अडवत नाही, हा लक्ष्मणचा तीस वर्षांचा अनुभव. बीड बायपासवरच्या त्या नव्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्येही तो तसाच शिरला. पास त्याच्याकडे नव्हता. आज गिटार वाजवणारा वरद त्याचा मुलगा, आणि मुलानं बापाला बोलावलं नव्हतं. "बाबा, तिथं तुमचं काय काम? तुम्हाला कळणार नाही ते," एवढंच सकाळी म्हणाला होता.

उमा घरीच थांबली. नळाला सहाव्या दिवशी पाणी यायचं, ते नेमकं आज संध्याकाळी. ड्रम कोण भरणार? लक्ष्मण निघताना ती त्याला म्हणाली, "घरात दार लावून वाजवितो. वाजविताना कसा दिसतो ते मला बघू तरी द्या. एकच फोटो आणा, पण पोराचं तोंड दिसंल असा."

लक्ष्मण कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. कॅमेऱ्याची पिशवी पायाशी ठेवली. तिच्यावर लाल अक्षरांत 'वरद फोटो स्टुडिओ' असं लिहिलेलं होतं. पोरगं जन्मलं त्या वर्षी दुकान काढलं, म्हणून पोराचंच नाव.

साठ-सत्तर माणसं होती. दारातच प्रत्येकाला पाणी दिलं जात होतं, पण अर्धा पेला. दुष्काळ या सोसायटीत एवढाच पोचला होता. स्वागताला उभ्या राहिलेल्या नीरजा मॅडमनी सांगितलं, आज माईक नाही, स्पीकर नाही, नुसतं लाकूड आणि तारा. तेव्हा टाचणीसुद्धा पडू देऊ नका.

वरद वाजवू लागला. लक्ष्मणला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोरगं चांगलं वाजवतंय हे कळत होतं. पुढच्या रांगेतली बाई पर्सची चेन अर्धी उघडून तशीच बसून राहिली होती. लक्ष्मणचा ऊर भरून आला.

फक्त चेहरा मिळेना. वरदची मान खाली, केस कपाळावर. लक्ष्मणनं एक फोटो काढला. खटाक. पुढचे दोघे वळून बघू लागले. दुसरा काढला, चौघे वळले. दोन्ही फोटोंत केसच आले होते.

लग्नात असं होत नाही. तिथं लक्ष्मण म्हणेल ती पूर्व दिशा. तो "थांबा" म्हणाला की भटजी मंत्र थांबवतात, मंगळसूत्र नवरीच्या गळ्याशी अधांतरी राहतं आणि "मान वर" म्हटलं की मान वर होते. अशी हजारभर लग्नं त्यानं थांबवली होती, आणि अजून कुणाचा मुहूर्त टळला नव्हता.

वरदनं काहीतरी संथ धरलं. एका तारेवर बोट हळूहळू सरकत होतं. खिडकीतून उतरतं ऊन त्याच्या खांद्यावर आलं. आत्ता मान वर झाली असती, तर सात जन्मांत मिळणार नाही असा फोटो मिळाला असता. आणि लक्ष्मणच्या तोंडून, मांडवात निघतो तसा खणखणीत आवाज निघाला,

"थांबा! हात तसाच ऱ्हाऊ द्या. मान वर!"

वरदचा हात थांबला. तार जरा वेळ एकटीच वाजली आणि विझली. मग सगळा हॉल हसला.

नीरजा मॅडम उठल्या. "हे कोण? आपण तर फोटोग्राफर सांगितलाच नव्हता. वरद, तू आणलंस का यांना?"

"नाही," वरद तारांकडे बघत म्हणाला. "आमच्या गल्लीतले फोटोवाले आहेत. लग्नाचे."

लोक पुन्हा हसले. लक्ष्मणही हसला, म्हणजे तोंड तसं केलं.

"व्हय मॅडम, लग्नाचाच. सवय जात नाय. चुकलं माझं."

त्याला फार लागलं. उठून निघून जावंसं वाटलं, पण फोटो राहिला होता. तो भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभा राहिला. टाळ्या पडल्या तेव्हा त्यानंही वाजवल्या, लोकांसारख्या, बेताच्या.

आता मॅडमचा राग उतरला होता. "अहो फोटोवाले, आलाच आहात तर कलाकाराबरोबर आमचा एक ग्रुप फोटो घ्या."

कमिटीची माणसं रांगेत उभी राहिली. मधोमध वरद, हातात गिटार. लक्ष्मणनं उंच मंडळींना मागं घेतलं, कुणाचा चष्मा चमकत होता तो तिरका करायला लावला. मग कॅमेरा डोळ्याला लावला. सगळे हसत होते. वरद स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"साहेब, मान वर घ्या." पोटच्या पोराला तो पहिल्यांदाच साहेब म्हणत होता.

मान वर झाली नाही.

"जराशीच, साहेब. घरी दाखवायचाय फोटो."

वरदची मान आणखी खाली गेली.

"काढा हो, किती वेळ!" मॅडम म्हणाल्या.

लक्ष्मणनं बटण दाबलं. फोटोत सगळे चेहरे लख्ख आले होते, मॅडमच्या कानातले खडेसुद्धा. मधे तेवढे केस होते. असा फोटो त्यानं कधी गिऱ्हाइकाला दिला नव्हता. त्यानं कॅमेरा पिशवीत ठेवला आणि चेन लावली.

"कॉपी हवीय हं आम्हाला," मॅडम जवळ येत म्हणाल्या. "स्टुडिओचं नाव काय तुमच्या?"

लक्ष्मणनं पिशवी उचलली, अक्षरांची बाजू फिरवून पोटाशी धरली.

"नाव नाय आता काही, मॅडम. दुकान रस्ता रुंदीकरणात गेलं. पोरापाशी देतो फोटो... म्हंजे ह्या साहेबांपाशी. एकाच गल्लीतले आम्ही."

तेव्हा कुठं वरदनं मान वर केली.