मापातला अंगठा

हिवाळ्याच्या तोंडावर बीव्हरची कातडी घेऊन आम्ही व्यापारी ठाण्यावर गेलो, की मॅग्नस नावाचा गोरा व्यापारी बदल्यात बंदुकीची दारू मोजून द्यायचा. मोजताना त्याचा जाडजूड अंगठा कायम मापाच्या आत असायचा.

"काय रे, माप भरतोयस की अंगठा धुतोयस?" माझा नवरा केसिक यंदा म्हणालाच.

मॅग्नस आमच्याच क्री भाषेत हसून म्हणाला, "आमची रीत आहे ती, भावा. देणाऱ्याचा अंगठा बुडाला की घेणाऱ्याला बरकत येते."

केसिकने तोंड वाकडं केलं. सासूबाईंनी मात्र मनापासून मान डोलावली.

ती दारू अर्ध्या हिवाळ्यातच संपली. हरणांचे कळप समोरून जात राहिले आणि आम्ही फाशात सापडेल त्या सशावर दिवस काढू लागलो. अशात बर्फाच्या वादळात वाट चुकलेला मॅग्नस आमच्या तंबूच्या दारात येऊन कोसळला. शुद्धीवर आल्यावर त्याची नजर कोपऱ्यातल्या बंदुकीवर गेली.

"बघतोस काय? रिकामी आहे ती," केसिक म्हणाला.

मॅग्नसने मान खाली घातली.

"गप रे, उपाशी आहे तो," म्हणत सासूबाईंनी सशाचा उकळता रस्सा वाडग्यात काठोकाठ ओतला. मॅग्नसने हात पुढे केले, पण त्यांनी वाडगा लगेच दिला नाही.



वाफाळत्या रश्श्यात त्यांनी आपला अंगठा बुडवला, चटका सोसत तसाच धरला आणि म्हणाल्या, "घे पोरा, बरकत येऊ दे तुला."